झाकणास अनावृत पत्र

प्रति,
मा. झाकणसाहेब,
कंपनीचा लॅपटॉप, मुक्काम बॅग, पोस्ट बोरिवली (पश्चिम), मुंबई.

विषय : मिटल्यावर जागे राहणेबाबत, तसेच मिटल्यावर जागे न राहणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आपल्याविरुद्ध आमच्या दोन तक्रारी असून त्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. जागे राहा म्हटलं की आपण झोपता. झोपा म्हटलं की टक्क जागे. अशा दोन तक्रारी एकाच अर्जात चालतात का, हे कोणत्या खिडकीवर विचारायचं तेच कळेना, म्हणून पत्र चारचौघांत लिहितो आहोत. सरकारी भाषा इथवर पुरे. सहा वाजून गेलेत आणि गाडी पकडायची आहे.

आधी वेळेचं गणित समजून घ्या, म्हणजे आमची निकड कळेल. अंधेरीत संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. आमची सुटायची वेळ ती तिकडच्या साहेबांची कॉफी घेऊन बसायची वेळ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग इकडे साडेसात होतात. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, सरकतं ते आपलं जेवण. अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यातीचं आवार १९७३ साली उभं राहिलं, तेव्हा माल परदेशी जायचा आणि माणूस घरी जायचा. आता माल आणि माणूस दोघेही एकाच बोरिवली फास्टमध्ये चढतात.

तर अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक जाडजूड फाइल वर चढत असते. अर्धी चढलेली असते. प्लॅटफॉर्मवर गाडी येते. लॅपटॉप उघडा धरून डब्यात शिरण्याचा पराक्रम अंधेरीला अजून कोणी केलेला नाही, म्हणून आम्ही तुम्हाला मिटतो. तुम्ही मिटता आणि तत्क्षणी झोपता. वाय-फाय सुटतं, हॉटस्पॉट वाट पाहून कंटाळतो, आणि बोरिवलीला उतरून पाहावं तर फाइल पुन्हा पहिल्यापासून.

बरं, तुमची अक्कल फार मोठी आहे असंही नाही. बहुतेक लॅपटॉपांत तुमच्या कडेला एक चिमुकला चुंबक असतो आणि खाली कीबोर्डच्या बाजूला एक हॉल सेन्सर. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की त्या पट्टीत आडव्या दिशेने विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली शोधून काढलं. तुमचा सगळा रुबाब त्याच्या जिवावर. चुंबक जवळ आला, म्हणजे झाकण मिटलं, म्हणजे माणूस उठून गेला! म्हणून तर मनगटावर चुंबकी पट्ट्याचं घड्याळ घालून टाइप करणाऱ्यांचे लॅपटॉप कधी कधी उघड्या डोळ्यांनी घोरू लागतात. माणूस समोर बसला आहे की विरारपर्यंत लोंबकळतो आहे, हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

मिटताच झोपण्याच्या या खोडीवर उपाय आहे, तो विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली सापडतो. झाकण मिटल्यावर काय करायचं, असा तिथे प्रश्न आहे आणि उत्तराचे दोन रकाने आहेत : डावा ‘ऑन बॅटरी’, उजवा ‘प्लग्ड इन’. तिथे ‘डू नथिंग’ निवडलं की तुम्ही मिटलात तरी यंत्र चालू राहतं. संगणकाला काम करत ठेवायचं तर त्याला काही करू नकोस म्हणून सांगायचं. आमच्या ऑफिसातही असे दोघेतिघे आहेत, पण ते असो. एवढ्यावर भागत नाही. अमुक मिनिटं कोणी हात लावला नाही तर झोपायचं, हे घड्याळ निराळं चालतं, तेही ‘नेव्हर’वर न्यावं लागतं. आणि हे सगळं शोधून काढेपर्यंत कळतं की रकाने फिकट पडलेत, खाली लिहिलंय की ही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते.

मॅकवाल्यांचं झाकण जास्त खानदानी. त्याला मिटून जागं राहायला चार्जर हवा, बाहेरचा मॉनिटर हवा, वेगळा कीबोर्ड आणि माउस हवा. ‘कॅफिनेट’ नावाची आज्ञा मॅकमध्ये २०१२ पासून आहे, पण कॉफी पाजूनही झाकण मिटलं की तो झोपतोच. लिनक्सवाले एका फाइलीत एक ओळ बदलतात आणि आठवडाभर त्याबद्दल बोलतात.

आता दुसरी तक्रार. शुक्रवारी रात्री काम संपतं, आम्ही तुम्हाला मनापासून मिटतो आणि बॅगेत घालतो. गाडीत मागून आवाज येतो, “बॅग पुढे घ्या!” बॅग छातीवर येते. कांदिवलीच्या आसपास छातीला ऊब लागू लागते. पंखा घुरघुरतो. शेजारचा माणूस आधी बॅगेकडे पाहतो, मग आमच्याकडे, आणि तेवढ्या गर्दीतही सरकतो.

याचं कारणही ऐकून ठेवा. जुनी झोप सरळ होती : मेमरीपुरती वीज ठेवायची, बाकी सारं बंद. मग लॅपटॉपानेही फोनसारखं मिटल्या मिटल्या मेल घ्यावी, अपडेट उतरवावेत अशी टूम निघाली. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, पुढे विंडोज १० मध्ये त्याचं ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं. यात तुम्ही झोपत नाही, नुसते पडून राहता. नियमाप्रमाणे यंत्र थंडच राहायला हवं, पण एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट अडून बसला की प्रोसेसर जागा होतो, आणि बॅगेत हवा खेळायला जागा नसल्यामुळे उष्णता आतच कोंडते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, हे तुमच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. रात्रभर तुम्ही नेमकं काय केलंत, याचा अहवाल विंडोज देतं. ‘स्लीपस्टडी’ म्हणतात त्याला. तो मागायला ॲडमिनचे अधिकार लागतात. म्हणजे लॅपटॉपला काल झोप लागली का, एवढं विचारायलाही आयटीची परवानगी.

आमच्या मातोश्रींचं याबाबत वेगळं मत आहे. उघडी राहिलेली कोणतीही वस्तू त्यांना बघवत नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांचं रीडेव्हलपमेंट चालू आहे, धूळ घरात येते, आणि दुधाच्या पातेल्यावर ठेवावं तसं त्या जाता जाता तुम्हालाही बंद करतात. रात्री हॉलचीच बेडरूम होते तेव्हा त्यांचं बरोबरही असतं; स्क्रीनचा उजेड झोपलेल्या पोराच्या तोंडावर पडतो. काम चालू, उजेड बंद, एवढीच आमची मागणी. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वन बीएचकेत राहणारा कोणीही यावर सही करील. हौस म्हणून कोणी तुमची झोप मोडत नाही.

आणि निव्वळ जागं राहून काही होत नाही, हेही एकदा पाहून झालं आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. टाळेबंदीमुळे घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप त्या दिवशी ठणठणीत जागे होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. मेला होता तो घरातला राउटर.

इथवर तुम्हाला बरंच बोललो, पण खरं सांगायचं तर तुम्ही साक्षीदार आहात, मुख्य आरोपी वेगळा आहे : ऑफिसच्या टीम्स ॲपात आमच्या नावाशेजारचं ते हिरवं टिंब. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेला लॅपटॉप मात्र ‘अवे’ असतो. यंत्र झोपलं, कुलूप लागलं किंवा काही वेळ कोणी हात लावला नाही, की टीम्स ते टिंब पिवळं करतं. साहेबांच्या लेखी आम्ही तेवढ्यात परागंदा. कोजागरीला लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत फिरते असं म्हणतात, पण ती वर्षातून एकदाच येते आणि निदान मसाल्याचं दूध तरी असतं. इथे रोज आश्विन पौर्णिमा, आणि वाटीत दूध नाही.

म्हणून मग माउस आपोआप हलवणारी यंत्रं निघाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केला म्हणून डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, हे आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे. जागेपणाचं सोंग घ्यायला लावलं कोणी, याची चौकशी मात्र कोणत्या बँकेने केल्याचं ऐकिवात नाही.

चौकशीचं जाऊ द्या, कायद्याचं पाहू. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असं खासगी विधेयक लोकसभेत आणलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा आणलं. खासगी विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली, तेव्हा आम्ही काही पेढे मागवून ठेवलेले नाहीत.

तेव्हा झाकणसाहेब, तडजोड करू. तुमचे दोन रकाने आहेत, ते वाटून घेऊ. उजवा कंपनीचा : जोवर वायर भिंतीला आहे तोवर मिटूनही जागे राहा, फाइल चढवा, बॅकअप घ्या, टिंब हिरवं ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. डावा आमचा : वायर सुटली म्हणजे आम्ही निघालो. तुम्ही मिटलात की झोपायचं, आणि झोपायचं ते पूर्वीसारखं. तेवढी झोप आता तुमच्यात उरली नसेल तर हायबरनेट व्हायचं. अर्धी फाइल आम्ही घरी जाऊन पुन्हा चढवू, ती सवय आहे.

आयटीच्या मंडळींना हात जोडून विनंती, की उजवा रकाना खुशाल कुलूपबंद करा, डाव्याला हात लावू नका. आणि न्यूयॉर्कच्या साहेबांच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्या कानावर एवढं घालावं, की साडेसहाची मीटिंग साडेपाचला घ्या. साडेसहाला आम्ही गाडीत असतो.

आपला विश्वासू,
एक पासधारक
(बोरिवली ते अंधेरी, सेकंड क्लास)