वशिला न चालणाऱ्या एकमेव अधिकाऱ्यास खुले पत्र

मा. लॉगिन स्क्रीनसाहेब,
मुक्काम पोस्ट प्रत्येक लॅपटॉप

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले जाहीर अभिनंदन. ज्या देशात शाळेच्या प्रवेशापासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत 'तिथे आपला कोणी आहे का' हा पहिला प्रश्न असतो, तिथे आपण कोणाचीही ओळख ठेवत नाही. लॅपटॉपचे बिल समोरच्याच्या नावावर, हप्ते त्याच्याच खात्यातून गेलेले, आतल्या हजारो फोटोंत चेहराही त्याचाच; पण पासवर्डातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले, की आपण त्याला दारातच उभे करता. चहापाण्याची भाषा आपल्याला समजत नाही आणि वरून आलेला फोन आपण उचलत नाही. लोक आपल्यावर चिडतात, मग स्वतःच्या स्मरणशक्तीवर चिडतात. या पत्रात आपली बाजू मांडायची आहे आणि त्या बिचाऱ्या मालकाचीही. पासवर्ड विसरला यात त्याचा फारसा गुन्हा नाही आणि दार उघडले नाही यात आपलाही नाही. गुन्हा आहे तो विसरणे हा अपवाद मानून आखलेल्या सगळ्या व्यवस्थेचा. माणूस विसरणारच, हे धरून परतीची वाट आधीच तयार ठेवायला हवी होती. बऱ्याच ठिकाणी ती तयार आहेही. फक्त ती कुठे आहे हे मालकाला कोणी सांगितलेले नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास जुना नाही आणि फारसा अभिमानास्पदही नाही. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. प्रत्येकाच्या फाइली ज्याच्या त्याला दिसाव्यात म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. हे घडू शकले, कारण संगणक पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवत असे. पुढे तो न लिहिता त्यावर गणिती प्रक्रिया करून केवळ तिचे उत्तर जपायची पद्धत रुळली. युनिक्सवाले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या लेखात तिची सविस्तर मांडणी केली. त्या उत्तरावरून मूळ शब्दाकडे उलटे जाता येत नाही. म्हणून 'माझा जुना पासवर्ड काय होता, तेवढे सांगा' ही आपल्याकडे रोज होणारी विनवणी व्यर्थ असते. आपण सांगत नाही असे नाही, आपल्यालाच तो ठाऊक नसतो. नवा ठेवता येईल, जुना कोणीही सांगू शकणार नाही. एवढी गोष्ट समजली तरी निम्मी चिडचिड कमी होईल.

आता मालकाच्या विसरभोळेपणाकडे येऊ. २००३ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतले बिल बर यांनी पासवर्डांसाठी नियमावली लिहिली आणि जगभरच्या कार्यालयांनी ती डोक्यावर घेतली. एक मोठे अक्षर, एक अंक, एखादे चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी हे सगळे बदलायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. लोकांनी देवाचे, मुलीचे किंवा आवडत्या क्रिकेटपटूचे नाव घेतले, पहिले अक्षर मोठे केले, पुढे ते ॲटचे चिन्ह आणि एक-दोन-तीन जोडले. बदलायची वेळ आली की तीनचे चार केले. चोराला हा क्रम पाठ झाला आणि मालकाला मात्र आपण तीनवर आहोत की सातवर, हे आठवेनासे झाले. २०१७ मध्ये निवृत्त बर यांनी या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, त्याच वर्षी निस्टने नियम बदलून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती सोडून दिली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा-शिफारशींतून मुदतीचे कलम काढून टाकले. तरीही आपल्याकडे कित्येक कार्यालयांत दर तीन महिन्यांनी 'आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे' हा निरोप येतोच. नियम करणाऱ्याने माघार घेतली, नियम पाळणाऱ्यांना अजून त्याची खबर नाही.

विसरलेल्याला परत घेण्यासाठी मग सुरक्षा-प्रश्न निघाले. या प्रश्नांची ताकद किती, हे २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या याहू मेलने दाखवून दिले. एका विद्यार्थ्याने त्यांची जाहीर माहिती शोधून उत्तरे भरली आणि आत शिरला. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लाखो खात्यांच्या आधारे याचा हिशेबच मांडला. इंग्रजी भाषकांचा आवडता पदार्थ एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. दुसरीकडे अमेरिकेतल्या इंग्रजी भाषकांपैकी ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा स्वतःचेच उत्तर आठवले नाही. चोराला सोपे आणि मालकाला अवघड, असे कुलूप मुद्दाम ठरवूनही करता आले नसते. विंडोज १० ने २०१८ मध्ये लॅपटॉपपुरत्या खात्यांसाठी असेच तीन प्रश्न आणले. ते ज्या यादीतून निवडायचे, तिच्यातला एक म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या 'कझिन'चे नाव. मराठी घरात हा प्रश्न विचारणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल. आते, मामे, मावस की चुलत, हे आधी ठरवायचे. मग पाळण्यातले नाव की दाखल्यावरचे, हे ठरवायचे. आणि नीलेश एवढे नक्की झाले तरी इंग्रजीत तो एका आयने लिहिला होता की दोन ईंनी, हे उरतेच. आईचे नाव विचारणारे संकेतस्थळ तर आणखी भोळे. महाराष्ट्रात ते दहावीच्या गुणपत्रिकेवरच छापलेले असते.

तरीही इतकी वर्षे कोणाचे फार अडले नाही, कारण खरे सांगायचे तर आपण तेव्हा नावापुरतेच पहारेकरी होता. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप दुसऱ्याच प्रणालीने सुरू करायचा, विंडोज पासवर्डांची नोंद ठेवते त्या सॅम नावाच्या फाइलीत हात घालून ती नोंद पुसायचा, आणि मालकाला लॅपटॉप उघडून द्यायचा. आपल्याला कळायचेही नाही. याची किंमत क्वचित कोणी सांगे: असा पासवर्ड पुसला की ब्राउझरने जपलेले पासवर्ड आणि विंडोजने स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेल्या फाइली बहुधा हातच्या जात. पण दार उघडे. चोरालाही तितकेच उघडे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाई.

आता तसे राहिलेले नाही. विंडोजच्या बिटलॉकरने किंवा मॅकच्या फाइलव्हॉल्टने अख्खी डिस्कच कूटबद्ध केलेली असते. आपल्याला चुकवून आत गेले तरी आत वाचण्यासारखे काही सापडत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की हे बहुधा आपोआप सुरू होते, मालकाला त्याची जाणीव असो वा नसो. मग एखाद्या दिवशी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला, की निळ्या पडद्यावर मागणी येते ती ४८ आकड्यांच्या रिकव्हरी कीची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर त्या गटापाशीच चूक पकडता येते. ज्याने हे आखले त्याने माणसाच्या बोटांच्या चुकांचा इतका बारीक विचार केला. पण माणसाला अशी की अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल, याचा विचार केला नाही. ही की बहुधा मालकाच्या ऑनलाइन खात्यात ठेवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड त्याने लॅपटॉप घेतला त्या दिवशी एकदा टाइप केला, नंतर रोज चार आकडी पिन किंवा बोट. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता आणि पासवर्ड ऑनलाइन खात्याचा, हा फरक त्याला 'पिन विसरलात?' वर बोट ठेवल्यावर कळतो, कारण तिथे पासवर्डच विचारतात. तो बदलायचा तर ओटीपी जातो जुन्या मोबाइल नंबरवर, आणि बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनीने एव्हाना दुसऱ्याच कोणाला दिलेला असू शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'मालक खरा असेल तर कंपनीने उघडून द्यायला काय हरकत आहे?' म्हणजे शेवटी वशिलाच. पण कंपनीला उघडता येईल असे दार कंपनीतल्या फितुरालाही उघडता येते, आणि पुणे-मुंबई प्रवासात लॅपटॉपची बॅग लांबवणाऱ्यालाही बिल दाखवून आपणच मालक असल्याचे सोंग आणता येते. खऱ्या मालकासाठी सैल होणारे कुलूप सर्वांसाठीच सैल होते. तेव्हा सवलत मागायची ती आपल्या दारात नव्हे. ती मालकाने स्वतःच, आठवण शाबूत असताना, स्वतःला देऊन ठेवायची असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 'लिहून ठेवणे म्हणजे सुरक्षेचे दिवाळे.' स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीबद्दल हे खरेच आहे. पण पासवर्ड हस्तगत करणारा आजचा चोर बहुतेक वेळा दूर कुठेतरी बसलेला असतो. खोटी लिंक पाठवणे आणि फुटलेल्या याद्या चाळणे हा त्याचा धंदा. कपाटातल्या कागदापर्यंत त्याचा हात पोचत नाही. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्येच सुचवले होते की पासवर्ड अवघड ठेवा आणि कागदावर लिहून पाकिटात सांभाळा, कारण कागदाचे कपटे सांभाळण्याची कला माणसाला साधलेली आहे. शिवाय रिकव्हरी की ज्या त्या लॅपटॉपपुरतीच उपयोगी. एकटा कागद चोरून कोणाचे भले होणार नाही. घरातल्याच माणसांपासून लपवायचे असेल तर प्रश्न वेगळा, पण तो संगणकशास्त्राचा नाही.

'सगळे डोक्यात ठेवू' म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशात शेवट झालेली एक गोष्ट आहे. कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्स या आभासी चलनाच्या बाजाराचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. ग्राहकांच्या ठेवींच्या चाव्या त्याच्या कूटबद्ध लॅपटॉपवर आहेत आणि पासवर्ड दुसऱ्या कोणालाच माहीत नाही, असे सांगण्यात आले. पुढच्या तपासात ती आभासी पाकिटे त्याच्या मृत्यूच्या कितीतरी महिने आधीच रिकामी झाल्याचे आढळले, आणि २०२० मध्ये ओन्टॅरिओच्या नियामकांनी हा सरळ फसवणुकीचा प्रकार ठरवला. लबाडी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच: हजारो लोकांना काही काळ तरी हे पटू शकले, की एका माणसाच्या डोक्याबरोबर सगळा व्यवहार संपू शकतो. विसरलेला आणि वारलेला मालक आपल्या लेखी सारखाच. घरातल्या कर्त्या माणसाच्या लॅपटॉपात गुंतवणुकीचे कागद, विम्याचे तपशील आणि तीस वर्षांचे फोटो असतील, तर परतीची वाट एकट्यालाच माहीत असणे हा निष्काळजीपणाच.

तिसरा आक्षेप उत्साही तरुणांचा: 'आता बोट आहे, चेहरा आहे, पासवर्ड कशाला?' त्यांनी मॅक एकदा बंद करून सुरू करावा. बोट नको, आधी पासवर्ड सांग, असेच तो म्हणेल. रोजच्या या सोयीमुळे पासवर्डची गरज गेलेली नाही, फक्त त्याचा सराव गेला, आणि सराव नसलेली गोष्ट विसरणे हे माणसाच्या डोक्याचे नेहमीचे काम आहे.

तेव्हा साहेब, आपण आपल्या जागी असेच कठोर राहा. पत्र खुले असल्याने शेवटचे बोलणे वाचणाऱ्यांशी. लॅपटॉप आज उघडतो आहे, तोवर आपल्या ऑनलाइन खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधा, कागदावर छापा आणि तिच्याखाली तो कोणता लॅपटॉप ते लिहा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजही आपलाच आहे ना, ते पाहा. कागद रेशन कार्ड आणि विम्याच्या पॉलिसीसोबत ठेवा आणि घरात निदान एकाला सांगा. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, कारण काहीच हाताशी नसेल तर उरणारा उपाय म्हणजे सगळे पुसून लॅपटॉप नव्याने सुरू करणे. त्याने यंत्र बहुधा परत मिळते, आतला मजकूर मिळत नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, नियम असावा.

आपला,
एक विसरभोळा नागरिक