बटणं दाबायला गडी

संगणकाच्या सिम्युलेटरवर घरबसल्या वैमानिक होणाऱ्यांची हौस दांडगी. बोइंग ७३७चं असं मॉडेल पैसे मोजून घ्यायचं, की ज्यात डोक्यावरच्या पॅनेलची कळ न कळ चालते. इंजिन सुरू करायचं तर आधी बॅटरी, मग एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), इंधनाचे पंप. एसीचे पॅक बंद, नाहीतर स्टार्टरला हवा पुरत नाही. इंजिनाच्या फिरण्याचा वेग (एन-टू) २५ टक्क्यांवर आला की इंधनाचा दांडा वर. हेच तर हवं होतं ना! पण माउसने टिचक्या मारून बोट दुखायला लागतं आणि साहेब लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहायला बसतात. एक कळ दाबली की बाकीच्या आपोआप!

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि ई एकदम दाबलं की इंजिन आपसूक सुरू होतं, ही सोय आयतीच आहे. पण ती वापरायची नवशिक्यांनी. स्वतःच्या स्क्रिप्टने केलं की तेच वास्तवदर्शी. वर समर्थन तयार : खऱ्या कॉकपिटात दोघं असतात, म्हणून स्क्रिप्ट हा आमचा सहवैमानिक. (हवेत गेल्यावर ऑटोपायलट आहेच, तेव्हा पहिला वैमानिक नेमका काय करतो, हे विचारू नये.)

सध्या म्हणे स्क्रिप्टच्या दोन क्लिकच्या मध्ये थोडाथोडा विराम घालणं चालू आहे. बटणं कुणीतरी माणूस दाबतोय, असं वाटलं पाहिजे.