अर्ध्या पीठाचे नाना

वणीला येणाऱ्या माणसाला वणी नको असते. नाशिकहून दिंडोरीमार्गे गाडी येते, स्टँडपाशी काच खाली होते आणि प्रश्न येतो, "देवी कुठंय?" वणीकर हातातला चहा न सांडता सांगतो, "अजून पुढं. नांदुरीवरून घाट चढा." सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात आणि आम्ही दिंडोरी तालुक्यात, पण अख्खा महाराष्ट्र म्हणतो 'वणीची देवी'. नाव आमचं, देवी पलीकडं. गावात जगदंबेचं देऊळ आहे. जाणकार तिथंही डोकं टेकवतात, बाकीच्यांना गडावर पोचायची घाई असते. (यवतमाळ जिल्ह्यातही एक वणी आहे. मोबाईलवर विसंबून तिकडं पोचलेल्यांबद्दल न बोललेलं बरं.)

दुसऱ्याला वाट सांगण्यात ज्या गावाची हयात गेली, तिथं एखाद्याला तरी वाटणारच की हे सगळे कुठंतरी निघालेत, मग आपणच का स्टँडवर? हा एखादा म्हणजे आमचे नाना. नाना कुणी एक माणूस नाही. द्राक्षपट्ट्यात दर दोन गावांआड एक सापडतो. वय पंचावन्नच्या पुढं, तीनेक एकर बाग, मुलगा पुण्यात नोकरीला, सोसायटीचं कर्ज आवाक्यात, गुडघे शाबूत. एवढं जुळून आलं की जगण्याचं प्रयोजन आठवतं. यातलं एक जरी बिघडलं तरी आठवत नाही, हे मी पाहून ठेवलंय.

आठवतं तेही नेमकं ऑक्टोबरात. गोडी छाटणी तोंडावर आलेली असते. मग पेस्ट लावायची, फेलफूट काढायची, घड जिब्रेलिकमध्ये बुडवायचे, विरळणी करायची, आणि रोज सकाळी उठून डाउनी रोग आला का ते पान उलटून बघायचं. अशा वेळी नाना बांधावर उभे राहून आकाशाकडं बघतात. बाकीचे शेतकरीही आकाशाकडंच बघतात, पण त्यांचा प्रश्न ढगांचा असतो.

एकदा पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी छाटणीला आली होती. नानांनी मुकादमाला गाठून विचारलं, "बाबा, तू जगतो कशासाठी? कधी विचार केला का?"

मुकादमानं विचार केला. मग म्हणाला, "नाना, एकरानं बोलायचं का रोजानं?"

नानांना हे उत्तर फार खोल वाटलं. दोन दिवस ते त्यावर बोलत होते. शेवटी माईंनी एकराचा भाव ठरवला आणि कात्र्या चालू झाल्या.

माई म्हणजे नानांच्या घरातून. बाग त्याच बघतात, वही त्याच लिहितात, खतवाल्याशी भांडतातही त्याच. नानांच्या शोधाला त्यांचा विरोध नाही. नाना इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला गेले, तेव्हा डबाभर लाडू त्यांनीच दिले आणि तिथं बाहेरचं खाणं चालत नाही म्हटल्यावर परतही घेतले. गोएंका गुरुजींनी 1976 साली सुरू केलेलं ते केंद्र. दहा दिवसांचं शिबिर, बहुतेक काळ मौन, मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा. शेतकऱ्याला चारचं काही वाटत नाही. लोडशेडिंगमुळं आम्ही रात्री दोनलाही मोटार चालू करायला उठलोय. अवघड होतं ते मौन. नानांनी ते पूर्ण पाळलं, हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं. पण साठलेलं सगळं पुढच्या महिनाभरात पारावर निघालं. मौनाचं महत्त्व ऐकता ऐकता एकाची दुधाची गाडी चुकली.

नाना वाचतातही, पण पुस्तक निम्म्यावर आलं की त्यांना वाटतं, सार कळलं. देवीच्या साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ, सप्तशृंगी, आमच्याकडं आहे, त्या अर्ध्याचाच हा गुण असावा. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक मुलानं पाठवलं. नात्झींच्या छळछावण्यांतून वाचलेला माणूस, 1946 साली त्याचं ते पुस्तक निघालं. छावण्यांचा निम्मा भाग नानांनी डोळे पुसत वाचला आणि खूण घालून ठेवलं. त्यात पुढं एक गोष्ट आहे: जगण्याचा अर्थ काय असं आपण आयुष्याला विचारत बसायचं नसतं, आयुष्यच रोज आपल्याला विचारत असतं आणि उत्तर वागण्यातून द्यायचं असतं. हे मीच नानांना सांगितलं. नाना गहिवरले. माई आत भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, मग विचारलंय ना तुम्हाला? द्या उत्तर. ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर कधीचा बंद पडलाय."

ट्रॉलीचा किस्सा तर गावभर झालाय. गडावर देवळापर्यंत चढायला पूर्वी एकच सोय होती, पायऱ्या. उमाबाई दाभाड्यांनी त्या बांधून दिल्या असं सांगतात. 2018 साली रुळांवरची फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि माणूस काही मिनिटांत वर जाऊ लागला. नाना-माई दर्शनाला गेले. खिडकीपाशी नाना थबकले. मुक्काम महत्त्वाचा की वाट? कष्टाविना मिळालेलं दर्शन लागू पडतं का? समोर मोठा प्रश्न आणि मागं मोठी रांग. माई ट्रॉलीनं वर गेल्या, अठरा हातांच्या देवीची ओटी भरली, खाली आल्या, तरी नाना तिकिटाच्या खिडकीपाशीच. तोवर त्यांनी रांगेतल्या दोघांना पायऱ्यांकडं वळवलं होतं. त्यांतल्या एकाला दमा होता.

देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पारायण करत आणि देवी ते कान देऊन ऐके, म्हणून, अशी आमच्याकडची श्रद्धा. नानांचं हे आवडतं उदाहरण. "बघा, प्रत्यक्ष आदिमाया ऐकती. आमच्या घरात कोणी ऐकत नाही." माईंचं म्हणणं, देवीला अठरा हात आहेत. ऐकता ऐकता बाकीची कामं होतात.

मूल्यांचं शिबिरही झालं, नाशिकला एका हॉलमध्ये. आपली पाच मूल्यं कागदावर लिहा, असं सांगितलं होतं. नानांनी सत्य पहिल्या नंबरावर लिहिलं आणि कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. त्याच हंगामात निर्यातीच्या कंपनीचा माणूस बाग बघायला आला. 2010 साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती, कितीतरी बागायतदार त्यात बुडाले. तेव्हापासून आमच्याकडं सगळ्यात अवघड प्रश्न एकच: शेवटचं औषध कधी मारलं? तारीख चार दिवस मागं सरकवली तर माल लगेच उचलणार. नाना म्हणाले, "आता सत्याचं असं असतं की ते बघणाऱ्यावर..." माईंनी वही उघडून तारीख वाचली. माणूस आठवड्यानं येतो म्हणून निघून गेला. आठवड्यात भाव पडला. कागद अजून भिंतीवर आहे, आणि माईंनी तो वाचल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

हे सगळं खरं असलं तरी नानांना नुसतं हसून सोडता येत नाही. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीला अवकाळी आणि गारपीट झाली, तेव्हा शेजारच्या एका पोराची बाग पार झोडपून निघाली. आम्ही सगळे सांत्वनाला गेलो, पंचनामा, विमा, सरकार यावर बोललो आणि आपापल्या बागा बघायला पळालो. नाना तिथंच राहिले, रात्रभर. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय सांगितलं त्याला? प्रयोजन?"

"छे, तो विषयच नाही निघाला. कुणाचं किती देणं आहे ते त्याला आठवत नव्हतं. लिहून काढलं."

"मग?"

"मग चहा केला. दूध नासलेलं होतं."

एवढ्यावरून नाना सुधारले असं कुणी समजू नये. सोमवती अमावस्येला ते मार्कंड्याच्या डोंगरावर निघाले. तिथं आलेल्या एका साधूला नीट विचारायचं होतं. 2015 च्या कुंभात एकाला विचारलं होतं, पण दिंडोरी तालुका म्हटल्याबरोबर त्यानं अंगूरचा भावच विचारला. माईंनी भाकरी बांधून दिली आणि येताना ब्लोअरचे दहा नोझल आणायला सांगितले, नमुन्याला जुना नोझल खिशात घातला.

संध्याकाळी नाना प्रसन्न चेहऱ्यानं परत आले. नोझल आणले होते, दहाच्या दहा. माईंनी एक हातात घेऊन फिरवला.

"अहो, हे हातपंपाचे आहेत."