कूलरवाल्या घराच्या आड

भिलाईजवळच्या मोहन नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात मे महिन्यात एक कूलर घरघरतो, दारात एक दुचाकी असते. असेच संसार पुढे करून आपले प्रतिनिधी जागतिक परिषदांत सांगतात: भारताचं कार्बन उत्सर्जन वर्षाला दरडोई सुमारे २ टन, अमेरिकेचं १४ च्या घरात. आकडे खरे आहेत. ते ढाल म्हणून वापरायला माझा विरोध आहे.

शेजारीच, भिलाईत, पोलाद कारखाना आहे. सोव्हिएत मदतीनं उभारलेला, पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलेलं. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतल्या खनिजातलं लोखंड मोकळं करायचं तर त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो. ते काम कोक करतो, आणि त्यातला कार्बन ऑक्सिजनला घेऊन हवेत जातो. इथे कोळसा नुसता जळत नाही, लोखंड घडवण्यातच तो खर्ची पडतो. छपरांवर कितीही सौर पॅनेल बसवा, झोतभट्टी कोक मागणारच. आपल्याकडे टनभर पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी २ टनांच्या आसपास आहे.

मग भट्ट्या विझवायच्या? मुळीच नाही. भारतीय रेल्वे प्रामुख्यानं भिलाईच्या रुळांवर धावते. घरं, पूल, विजेचे मनोरे, सगळ्याला पोलाद लागतं, आणि ज्यांच्याकडे हे अजून पोचलेलं नाही त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. शतकाहून जास्त कोळसा जाळून श्रीमंत झालेला युरोप आता बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बन शुल्क लावतो, हा अन्याय आहे. ते ठणकावून सांगायलाच हवं.

पण २०३०-३१ पर्यंत पोलादाची क्षमता ३० कोटी टनांवर नेण्याचं धोरण आपलंच आहे. आज कोळशावर बांधलेली भट्टी पुढची काही दशकं कोळसाच खाईल, आणि २०७० मध्ये निव्वळ शून्य गाठण्याचं वचनही आपणच दिलंय. भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्ट्या वाढवायच्या, त्यांना स्वच्छ वीज द्यायची, तर निर्णय आत्ताच हवा.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानं हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन. आता सरकारी बांधकामांत त्याचा ठरावीक वाटा सक्तीचा करा. आणि मोहन नगरातल्या कूलरचा हिशेब झोतभट्टीच्या खात्यात मांडणं थांबवा.