शब्दांचं स्थळ

न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या दुकानात तूरडाळीपुढे कुणी पाऊण तास उभा दिसला, तर ते मिलिंदराव समजावेत. एका हातात एका कंपनीची पिशवी, दुसऱ्या हातात दुसरीची, तिसरी काखेत, आणि चष्मा कपाळावर. घरातली डाळ संपली म्हणून आलेले असतात आणि बरेचदा डाळ न घेताच परत जातात. विचारलं तर म्हणतात, "अहो, प्रोटीनचा आकडा हिने कपावर दिलाय आणि तिने ग्रॅमवर. तुलनाच होत नाही!" मिलिंदरावांना वस्तू लागतेच असं नाही. निवड लागते.

नोकरीने ते टेस्टर. सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी त्यातली खोट शोधायची, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. दिवसभर लोकांच्या कामात खोड्या काढून दमला-भागला माणूस घरी आल्यावर निदान आमटी तरी मुकाट जेवेल, अशी आपली समजूत. मृणालची ती समजूत लग्नानंतर लवकरच मोडली.

त्यांची एकुलती एक शर्वी शाळेत जात नाही. करोनाच्या वर्षी अमेरिकेत हे फार घरांत झालं. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी ५.४ टक्के घरं मुलांना घरीच शिकवत होती; पानगळीपर्यंत तो आकडा ११.१ वर गेला. पुढे बरीच मुलं परत शाळेत गेली. शर्वी राहिली, कारण शाळेत परत पाठवायचं की नाही याचा मिलिंदरावांचा तौलनिक अभ्यास तोवर पुरा झाला नव्हता. तो चालू असतानाच पोरगी घरी छान रमली आणि प्रश्न आपोआप मिटला. मिलिंदरावांच्या घरातले बहुतेक प्रश्न असेच मिटतात.

न्यू जर्सीत मुलाला घरी शिकवायचं तर शाळेला तसं कळवायचंही बंधन नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की प्रतिज्ञापत्र, वर्षभराच्या कामाची फाइल आणि ती तपासून सही करणारा परीक्षक असा सगळा सरंजाम. मृणाल म्हणते, "आपण पलीकडेच घर घ्यायला हवं होतं. जून संपायच्या आत काहीतरी दाखवावं तरी लागलं असतं." इकडे विचारणारं कुणी नाही म्हटल्यावर मिलिंदरावांनी स्वतःवर स्वतःच सरकार बसवलं, आणि त्या सरकारचा कारभार आपल्याकडच्या सरकारसारखाच चालतो. गणित, विज्ञान, इतिहास मृणालने परस्पर उरकून टाकले. पुस्तकं मागवली, शिकवायला बसली, झालं. इंग्रजी शब्दसंपत्ती तेवढी मिलिंदरावांकडे आली. ती त्यांनीच मागून घेतली.

त्यालाही इतिहास आहे. सांगलीला इंजिनिअरिंग करत असताना त्यांनी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून बॅरन्सचं जीआरईचं जाडजूड पुस्तक सेकंडहँड आणलं होतं. त्यात मागे साडेतीन हजार शब्दांची यादी. अमेरिकेचं स्वप्न पडलेल्या एका अख्ख्या पिढीने 'अबेस, अबॅश, अबेट' करत ती मेसच्या रांगेत घोकली. मिलिंदराव 'डी'पर्यंत पोचले आणि परीक्षेची तारीख आली. त्यामुळे त्यांचं इंग्रजी आजही ए ते डी भलतंच श्रीमंत आहे. साहेब 'कँटँकरस' असतो, शेजाऱ्याचं कुत्रं 'बेलिजरंट' असतं, हवा 'कप्रिशस' असते. पुढची सगळी दुनिया 'व्हेरी नाइस'. जीआरईतून विरुद्धार्थी शब्द २०११ मध्ये कायमचे काढून टाकले, हे कळलं त्या रात्री ते नीट जेवले नव्हते म्हणे. मुलीचं इंग्रजी असं अर्ध्या वाटेवर थांबू नये, ही त्यांची तळमळ मात्र अगदी खरी आहे. त्या तळमळीची एक्सेल शीट आहे आणि तिचं नाव 'व्होकॅब फायनल ७'.

ती शीट मी पाहिली आहे. आमच्याकडे येताना ते लॅपटॉप घेऊनच येतात. मिलिंदराव एकेक ओळ वाचायला लागले की मला आमच्या आत्याची वही आठवते, धाकट्या काकासाठी स्थळं बघतानाची. तीच गंभीर मुद्रा, तीच खोड काढण्याची कला.

"वर्डली वाइज ३०००. घराणं जुनं, वागायला सरळ. धडा, शब्द, स्वाध्याय, उतारा. पण फार एकसुरी हो. आयुष्य काढायचंय त्याच्याबरोबर." खाली "व्होकॅब्युलरी फ्रॉम क्लासिकल रूट्स. लॅटिन-ग्रीक मुळांवरून शब्द शिकवतात. एक मूळ धरलं की दहा शब्द हाताला लागतात. खानदानी काम. पण वय जुळत नाही." लहान मुलांसाठी त्याच घरातली धाकटी भावंडं आहेत, हे मी सुचवून पाहिलं. पण त्यांना थोरलंच पसंत, आणि थोरल्याला शर्वी लहान. मग "इंग्लिश फ्रॉम द रूट्स अप. हेही मुळांवरचंच, पण सगळा खेळ कार्डांचा. कार्डं आपण लिहा नाहीतर वेगळी विकत घ्या. म्हणजे मानपान आलंच." आणि शेवटी "सीझर्स इंग्लिश. मायकल क्ले थॉम्पसन यांचं. हुशार मुलांसाठी म्हणूनच लिहिलेलं, अभिजात पुस्तकांतली वाक्यं देतात…" इथे त्यांचा आवाज जरा हळवा होतो. त्या संचाची किंमत ऐकून मृणाल आतून म्हणाली होती, "हुंडा कमी करा म्हणावं, मग बघू."

रकाने तर विचारू नका. किंमत, पानांची जाडी, अक्षराचा आकार, उत्तरांची पुस्तिका आत की वेगळी, परत केलं तर रीस्टॉकिंग फी किती. 'कन्झ्युमेबल' असा एक रकाना आहे. म्हणजे वहीत लिहायचं आणि एकदा लिहिलं की ती संपली, दुसऱ्या मुलाला उपयोग नाही. दुसरं मूल नाही आणि व्हायचं चिन्हही नाही, तरी या रकान्याला पंधरा टक्के वजन. प्लेसमेंट टेस्टचा रकाना वेगळा. एका चाचणीने शर्वीला चौथीत बसवलं, दुसरीने सहावीत. मग आधी चाचण्यांचीच चाचणी घ्यायला हवी असं ठरलं आणि अख्खा उन्हाळा त्यात गेला.

मिलिंदराव वाचत नाहीत असं कुणी म्हणू नये. बेक, मॅकाऊन आणि कुकन या बाईंचं २००२ सालचं पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ आहे. शब्दांचे तीन स्तर असतात म्हणे. पहिल्यात रोजचे शब्द, ते शिकवावे लागत नाहीत. तिसऱ्यात एकेका विषयापुरते, ते वेळ आली की शिकावेत. मधल्यात सुशिक्षित माणसाच्या तोंडी कुठल्याही विषयात येणारे, आणि मेहनत घ्यायची ती यांच्यावर. मला हे ऐकून बरं वाटलं. वाटलं, आता काम हलकं होणार. मिलिंदरावांनी चारही पुस्तकांतल्या एकेका शब्दाला स्तर लावायला घेतला.

२०२१ मध्ये लुइझियानाची झायला अव्हाँगार्ड ही घरीच शिकणारी मुलगी राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकली. तिचा शेवटचा शब्द होता 'मराया', झाडांच्या एका वंशाचं नाव. त्या वंशात तेव्हा आपला कढीपत्ताही मोडत होता. मृणालने खिडकीतली कुंडी उचलून टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "हे घे. राष्ट्रीय विजेतेपदाचा शब्द. फुकट. शिकव तिला." मिलिंदरावांनी कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिसरा स्तर. बाद." कुंडी खिडकीत परत गेली. त्यातली दोन पानं तेवढी त्या रात्रीच्या आमटीत पडली.

मग एबिंगहाउस आला. या जर्मन गृहस्थाने स्वतःला निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली आणि माणूस किती झपाट्याने विसरतो ते मोजून १८८५ साली छापलं. मिलिंदरावांना जणू आपला मूळपुरुष सापडला. त्याच्यामागून १९७२ चा लाइटनरचा खोका आला. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. त्यांनी काजूकतलीच्या खोक्याचे पाच कप्पे केले; पट्टी लावून, कटरने, सुरेख. तो खोका फ्रिजवर आहे. आत कार्डं नाहीत. कार्डाचा कागद किती जाडीचा असावा यावर घोडं अडलं आहे.

शर्वीने मात्र एकदा खरंच धडा केला. नमुन्याची पानं छापून काढली होती आणि मी तिथेच चहा घेत होतो. पोर डावखुरी, वही पार आडवी करून लिहिते आणि करंगळीच्या बाजूला तळहात काळा करून घेते. दिलेले दहा शब्द वाक्यात वापरा, असा स्वाध्याय होता. पहिलं वाक्य लिहायला तिने पाच मिनिटं घेतली, उरलेली नऊ दोन मिनिटांत संपवली. मी डोकावलो. पहिलं वाक्य होतं, "'रिलक्टंट' या शब्दाचा अर्थ बाबाने काल मला सांगितला." दुसरं, "'फ्रॅजाइल' या शब्दाचा अर्थ बाबाने काल मला सांगितला." दहाही वाक्यं तशीच. व्याकरण शुद्ध, शब्द जागच्या जागी. अर्थ तिला ठाऊक होता की नाही, देव जाणे.

दुसऱ्या कुठल्या बापाने पाठीत धपाटा घातला असता. मिलिंदराव कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे वळले. अभिमानाने त्यांचा चेहरा फुलला होता. "बग शोधला हिने! डिझाइनमधलाच!" तेच वाक्य त्यांनी बाकीच्या तिन्ही पुस्तकांच्या नमुन्यांवर चालवून पाहिलं. सगळीकडे चाललं. म्हणजे चारही नापास.

मला त्यांची दया आली आणि मी एक चूक केली. नॅगी आणि अँडरसन या दोघांचा १९८४ चा हिशेब त्यांना ऐकवला. इंग्रजी शाळकरी पुस्तकांत मिळून सुमारे ८८,५०० शब्दकुळं असतात. त्यातली वहीतून शिकवून होणार ती किती? बाकीची पोरं वाचता वाचता, बोलणं ऐकता ऐकता, तोच शब्द दहा ठिकाणी भेटून उचलतात. तेव्हा कुठलंही पुस्तक घ्या, पोरीला ग्रंथालयात सोडा, आणि निवांत झोपा, असं मला म्हणायचं होतं. मिलिंदरावांचे डोळे चमकले. शीटमध्ये नवा रकाना पडला: '८८,५०० पैकी टक्के'.

शेवटी मृणालने एका चर्चच्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून एक शब्दांची वही दोन डॉलरला उचलली. पहिले तीन धडे कुणीतरी पेन्सिलीने सोडवलेले, पुढे सगळं कोरं. "हे बघ, आपण चौथ्यापासून सुरू करू," ती म्हणाली. पण मिलिंदराव त्या तिसऱ्या धड्यावर थबकले होते. लोक नेमके कुठे सोडतात? ते विक्रीच्या टेबलाकडे परत गेले आणि तिथली एकेक वही उघडून, शेवटचा भरलेला धडा कुठला ते फोनवर टिपत राहिले. विकणाऱ्या बायकांना वाटलं, गिऱ्हाईक मोठं आहे. एकीने लिंबू सरबतही दिलं. तो आकडा आता शीटमध्ये आहे आणि, खरं सांगायचं तर, अख्ख्या शीटमधला तेवढाच रकाना मला उपयोगाचा वाटतो. मृणालची वही अजून चौथ्या धड्यावरच आहे.

दिवाळीत तिघं फराळाला आमच्याकडे आली होती. सौभाग्यवतींनी शर्वीला विचारलं, "बेसनाचा लाडू देऊ की रव्याचा?"

"काकू, दोन्हीचं सँपल मिळेल का?" शर्वी म्हणाली. "कारण लाडू कन्झ्युमेबल असतो ना. एकदा चावला की रिटर्न नाही करता येणार. का तुम्ही फक्त रीस्टॉकिंग फी लावता?"

सौभाग्यवतींच्या हातातला डबा तसाच राहिला. मृणाल हसून हसून लाल झाली. मिलिंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला, लॅपटॉप उघडला आणि 'रीस्टॉकिंग' हा शब्द कुठल्या इयत्तेत येतो ते शोधायला लागले. चारही पुस्तकांच्या याद्या पालथ्या घातल्या, कुठेच सापडला नाही. त्यांनी चौघांचा अर्धा-अर्धा गुण कापला आणि मग, मान वर न करता, लाडू कुठल्या तुपातले आहेत ते विचारलं.