मखमलीवरचं पातं

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला लाखो गोंड भाविक पारी कुपार लिंगो आणि काली कंकालीच्या दर्शनाला येतात. गर्दीत एखादा शहरी चाकूसंग्राहकही असतोच. त्याला ‘अस्सल आदिवासी’ पातं हवं असतं. धार नसली तरी चालेल, गंज मात्र हवा!

शस्त्र नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू हे शस्त्रच. घरकामासाठी, शेतीसाठी, विज्ञानासाठी किंवा उद्योगासाठी घडवलेली पाती तेवढी वगळली आहेत. म्हणजे धानाच्या बांधावरचा विळा कायद्याने निर्धास्त. आणि मखमलीवर निजवलेला, उभ्या जन्मात कांदाही न चिरलेला तो हातभर सुरा? रसिकहो, आधी परवान्याचं बघा, फोटो मग टाका.