किंमत सोडून सगळं

डेटा स्टोरेज विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची सादरीकरणं बहुधा वकिलाच्या स्लाइडने सुरू होतात: पुढे जे सांगू ते भविष्याबद्दलचं आहे, त्यावर विसंबू नका. प्रामाणिकपणाचा कोटा तिथेच संपतो.

मग ग्राहकांच्या लोगोंची भिंत. त्यातल्या बँकेने अख्खं डेटा सेंटर यांच्यावर टाकलंय की कोपऱ्यात चाचणीपुरता एक बॉक्स ठेवलाय, हे विचारायचं नसतं. पाठोपाठ गार्टनर या विश्लेषक कंपनीचा, विक्रेत्यांना जागा वाटून देणारा चौकोन. कंपनी वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर त्याला अख्खी स्लाइड. नसेल तर ‘आम्ही विश्लेषकांपेक्षा ग्राहकांचं ऐकतो’.

आकड्यांची तऱ्हा तर औरच. दहा लाख आयओपीएस, म्हणजे सेकंदाला तितकी वाचनं-लेखनं! खाली बारीक अक्षरात: चार केबीचे ब्लॉक, १०० टक्के वाचन. घाट उतरताना गाडीचं ॲव्हरेज काढावं, तसलाच प्रकार. १०० टेराबाइटची पेटी स्लाइडवर ५०० ची होते, कारण डीडुप्लिकेशन (एकसारख्या प्रती गाळणं) आणि कॉम्प्रेशन मिळून पाचास एक धरलेलं असतं. तुमचा डेटा आधीच एन्क्रिप्ट केलेला असला, तर ५०० चे पुन्हा १०० च. उपलब्धता ९९.९९९ टक्के, म्हणजे वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. ‘नियोजित देखभाल’ बहुधा या हिशेबात येत नाही, आणि नियोजन त्यांच्याच हातात.

शेवटी कुणीतरी भाबडेपणाने विचारतं, ‘किंमत?’ मायक्रोसेकंदांत उत्तर देणारं यंत्र विकणारे साहेब घसा खाकरतात: ‘आमचा पार्टनर तुमच्याशी दोन आठवड्यांत संपर्क साधेल.’